ग्रीक बेटावर राहून लिहिणं: रोजचं, साधं, बिनफोटोचं

सागरगोटी

सँटोरिनी या ग्रीक बेटावरच्या इथल्या चर्चेच्या धाग्यावर "मी त्याच समूहातल्या दुसऱ्या बेटावर राहते" असं सहज लिहून गेले आणि विपूत (विचारपुशीत) प्रश्नांची रांग लागली. बहुतेकांचा सूर एकच: काय मजा आहे बाई तुझी, समोर निळा समुद्र, हातात कॉफी आणि दिवसभर लिखाण! म्हणून हा वेगळा धागा. फोटो टाकणार नाही. निम्मे गैरसमज त्या फोटोंनीच पसरवलेत.

आधी ठिकाण सांगते. सिरॉस. सँटोरिनी ज्यात येतं त्या सिक्लाडीस समूहातलंच एक बेट, आकाराने लहान, पण वस्ती वीस हजारांच्या वर. एर्मूपोली हे इथलं मुख्य शहर आणि सगळ्या सिक्लाडीसची प्रशासकीय राजधानी. कोर्टकचेऱ्या आहेत, इस्पितळ आहे, जहाजदुरुस्तीची गोदी आहे, एजियन विद्यापीठाचा एक विभाग आहे. त्यामुळे ऑक्टोबरात पर्यटक गेले तरी हे बेट शटर ओढून बसत नाही. मी सिरॉस निवडलं ते एवढ्याचसाठी. पांढरी घरं, निळे घुमट वगैरे इथे जवळपास नाहीच. १८२२ मध्ये किऑस बेटावर कत्तल झाली, तिथून वाचलेले आणि इतर ठिकाणचे निर्वासित इथे आले आणि त्यांनी हे शहर वसवलं. पुढे अथेन्सचं पिरेअस बंदर भरभराटीला येईपर्यंत ग्रीसचं मोठं बंदर हेच होतं. त्या श्रीमंतीच्या खुणा अजून आहेत: चौकात संगमरवरी फरशी, उंच छतांचे वाडे, १८६४ चं अपोलो नाट्यगृह. वरच्या टेकडीवर अनो सिरॉस, व्हेनिसच्या अमलापासूनची कॅथलिक वस्ती. मी मधल्या उतारावर राहते. म्हणजे दुकानाला जाताना पायऱ्या उतरायच्या आणि पिशव्या घेऊन चढायच्या.

पोटापाण्याचं. ग्रीसने २०२१ मध्ये डिजिटल नोमॅड व्हिसा आणला. अट अशी की हातात येणारं उत्पन्न महिना ३,५०० युरोंच्या वर हवं, ते ग्रीसबाहेरून यायला हवं आणि इथल्या कुणाची नोकरी करायची नाही. मराठी कथेच्या मानधनावर हा व्हिसा काढायचा तर महिन्याला किती दिवाळी अंकांत छापून यावं लागेल, हिशेब ज्याचा त्याने करावा. मी जर्मनीतल्या एका कंपनीसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. "पंप चालू करण्यापूर्वी झडप बंद असल्याची खात्री करा" या जातीचं साहित्य. लेखनावर जगते, हे अगदीच खोटं नाही म्हणा.

जर्मनी आमच्याहून एक तास मागे आहे. ते लोक कामावर येईपर्यंतचा तो तास, ही माझी सगळी वाङ्मयीन इस्टेट. त्या तासात मराठी. नंतर झडपा.

आणि शांतता? ती कुठून काढलीत मंडळी! सकाळी कॅथलिकांच्या घंटा, मग ऑर्थोडॉक्सांच्या. सायलेन्सर काढलेल्या स्कूटर. आठवड्यातून एकदोनदा टेम्पोवर भोंगा लावून भंगारवाला येतो, "जुनंपुराणं काय असेल ते घेतो, फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र..." चाल अगदी ओळखीची. हिवाळ्यात पर्यटक नसतात म्हणून सगळ्या बेटाची दुरुस्ती तेव्हाच निघते, मग ड्रिल आणि हातोडे. दुपारी मात्र कायद्याने शांतता. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच कुणी ठोकाठोक करायची नाही, गाणी लावायची नाहीत. नेमक्या त्याच वेळात माझ्या जर्मन बैठका असतात.

दुकानांचं वेळापत्रक पाठ करावं लागतं. मोठी सुपरमार्केटं दिवसभर उघडी, पण लहान दुकानं सोमवार, बुधवार, शनिवार फक्त दुपारपर्यंत. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार संध्याकाळी पुन्हा उघडतात. बुधवारी संध्याकाळी शाई संपली तर गुरुवार उजाडू द्यायचा.

आता दमट हवेबद्दल, कारण ते कुठल्याच ब्लॉगवर वाचायला मिळत नाही. लोक उन्हाळ्याबद्दल विचारतात. उन्हाळा कोरडा असतो आणि मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा असतो, निभतं. खरी परीक्षा डिसेंबर ते मार्च. जाड दगडी भिंती, उंच छत, हीटिंग नावापुरतं. थर्मामीटर बारा अंश दाखवतो, ऐकायला काहीच नाही, पण अंथरूण ओलसर, मीठ गोळा झालेलं, कपाटातल्या वह्यांच्या कडांवर करडी लव. माझ्या टेबलाखाली हवेतलं पाणी शोषणारं यंत्र असतं. घरातली सगळ्यात महागाची आणि सगळ्यात लाडकी वस्तू. त्याची टाकी भरली की ते पीं पीं करतं. उठायचं, बादलीत ओतायचं, पुन्हा लावायचं. त्या पाण्यावर मी जिन्यातल्या कुंड्या जगवते. हस्तलिखितं प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट.

आणि बोटी. इथे सगळं बोटीने येतं: दूध, औषधं, पार्सलं, पाहुणे, प्लंबरचा सुटा भाग. हवामान कुणी अंशांत सांगत नाही, बोफोरमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या आकड्यात सांगतात. "उद्या ओख्तो बोफोर," म्हणजे आठ. आठ झाले की बंदराचे अधिकारी सुटण्यावर बंदी घालतात, त्याला अपागोरेफ्तिको म्हणतात. दोन दिवस तसे गेले की भाजीच्या फडताळात कोबी आणि लिंबं उरतात. दिवाळी अंक फेब्रुवारीत मिळाला तर लवकर मिळाला म्हणायचं, आणि २०२१ च्या जुलैपासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या लहानसहान पार्सलवरही व्हॅट लागतो. बहिणीने कौतुकाने पाठवलेल्या अंकांवर मी कर भरून ते सोडवून आणलेत.

एवढं पुरे. विचारा, जमेल तसं लिहीन.

मनीमाऊ

मस्त गं! एका दमात वाचलं. फोटो नकोत तर नकोत, पण मांजरांचे तरी टाक. ग्रीस म्हणजे मांजरं ना? आणि मुद्द्याचं: जेवतेस काय? कढीपत्ता मिळतो का?

चहाबाज

वाचतोय. शाई? अजून शाईने लिहिता? _/\_

सागरगोटी

चहाबाज, पहिला खर्डा शाईनेच. वीज इथे अधूनमधून जाते.

मनीमाऊ, मांजरं आहेत, भरपूर आहेत, आणि दुपारी कचऱ्याच्या पेटीवर त्यांची जी भांडणं चालतात त्यांचे फोटो कुणी लावत नाही.

कढीपत्ता नाही. अथेन्सला गेले की मेनांद्रू रस्त्यावरच्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी दुकानांतून मसाले, डाळी, हिंग घेऊन येते. पण भाज्यांची मजा ऐक. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजी उंबऱ्यावर पातेलं घेऊन भाजी निवडत बसल्या होत्या. कोवळे शेंडे खुडायचे, जाड देठ मोडून बघायचे, मोडला तर घ्यायचा, वाकला तर टाकायचा. मी खाली वाकून पाहिलं तर तांदुळजा! इथे त्याला व्लीता म्हणतात. उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी मी लसणीची फोडणी देऊन वाटीभर नेऊन दिला. आजींनी चव घेतली, जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तेल तापवलंस कशाला?" त्यांच्या लेखी चांगलं तेल जाळणं म्हणजे पाप. घोळ पण मिळते, सॅलडमध्ये कच्चीच खातात. पहिल्या पावसानंतर बायका सुऱ्या आणि पिशव्या घेऊन टेकड्यांवर रानभाज्यांना जातात. कुठली जागा चांगली ते कुणी कुणाला सांगत नाही. आजींनी मला बरोबर नेलं, पण वेगळ्याच टेकडीवर, हे मला नंतर कळलं.

तिरकस

लेख चांगला आहे, नाकारत नाही. पण ३,५०० युरो मिळवणाऱ्या व्यक्तीने 'साधं' शब्द शीर्षकात घालणं जरा गमतीचं वाटलं. तिथल्या शिक्षकाला किंवा वेटरला तुमच्या निम्म्यानेही मिळत नसेल. तुम्ही लोक घरभाडी वाढवता आणि मग दमट भिंतींवर ललित लिहिता. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

वाशिष्ठी

तिरकस यांच्याशी निम्मी सहमत. आमच्याकडे गुहागर-दापोलीला तेच चाललंय. मुंबईकर येतात, चिऱ्याचं घर बांधतात, वर्षातून पंधरा दिवस राहतात, समाजमाध्यमांवर पावसाच्या कविता. गावात मजूर मिळेना, जमिनीचे भाव गगनाला. पण सागरगोटी बारा महिने तिथे राहते असं दिसतंय. तेवढा फरक करायला हवा.

पोर्वोरी

आमच्या आसगावात या बघायला. दिल्लीचे लेखक, चित्रकार, झालंच तर आर्किटेक्ट. प्रत्येकाला 'खरा गोवा' सापडलेला असतो, आणि तो सापडल्यावर भाडं दुप्पट झालेलं असतं.

सागरगोटी

तिरकस, दिवे घेतले. पण मुद्दा दिव्यांवर सोडून देण्यासारखा नाही, म्हणून नीट लिहिते.

इथे दर सप्टेंबरात तेच नाटक होतं. नव्या नेमणुकीवर शिक्षक येतात, शिकाऊ डॉक्टर येतात, आणि त्यांना घर मिळत नाही. मालक म्हणतात, मेअखेरपर्यंत रहा, जूनपासून पर्यटक. मोठ्या पर्यटनाच्या बेटांवर तर शिक्षक गाडीत झोपल्याच्या बातम्या ग्रीक वर्तमानपत्रांत आल्यात. कायदा राहत्या घराचा करार किमान तीन वर्षांचा धरतो, पण तोंडी बोलणं वेगळंच असतं. मलाही माझ्या आधीच्या मालकांनी तसंच सांगितलं होतं: जूनच्या आत खोल्या मोकळ्या. मी पुस्तकांची खोकी घेऊन उतारावरच्या या घरी आले. इथल्या मालकीणबाईंना उन्हाळ्यात अनोळखी लोक नको असतात म्हणून टिकलेय, माझं काही कर्तृत्व नाही.

म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझ्याजागी एखादी गणिताची शिक्षिका राहू शकली असती. मी तिच्याहून जास्त भाडं देऊ शकते, हे खरं. एवढंच सांगते की 'परदेशी लेखक' ही जात पूर्वीपासून हेच करत आलीय. त्यांचं गरीब असणं त्यांच्या देशाच्या हिशेबात होतं, बेटाच्या हिशेबात ते श्रीमंतच होते. त्याविषयी जास्त वाचलेलं कुणी इथे असेल तर लिहा.

जुनापुराणा

हाक ऐकली, आलो.

हायड्रा बेटाची गोष्ट सगळे सांगतात म्हणून तीच घेतो. ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज जॉन्स्टन आणि त्यांची पत्नी शार्मियन क्लिफ्ट १९५४ मध्ये मुलांना घेऊन लंडनहून कॅलिम्नॉसला आले. ते स्पंजासाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्यांचं बेट. पुढच्या वर्षी हायड्राला गेले, घर घेतलं आणि १९६४ पर्यंत राहिले. १९६० मध्ये कॅनडाचा कवी, पुढे गायक म्हणून गाजलेला लेनर्ड कोहेन आला. वय पंचवीस. आजीकडून वारशाने पैसे आले होते, त्यातून १,५०० डॉलरला जुनं घर घेतलं. वीज नाही, नळ नाही. बंदरावर कात्सिकास कुटुंबाचं किराण्याचं दुकान होतं. तिथेच पिणं, तिथेच पत्रं, तिथेच उधारी. सगळी परदेशी मंडळी त्या दुकानदाराच्या वहीवर जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

आता सागरगोटींचा मुद्दा. १,५०० डॉलर कोहेनला परवडले याचं कारण हायड्रा ओस पडत चाललं होतं. एके काळी जहाजांवर गबर झालेलं बेट, नंतर धंदा गेला, लोक अथेन्सला आणि परदेशी गेले. कवीला वाडा स्वस्तात मिळतो तेव्हा तो वाडा कुणीतरी सोडून गेलेलं असतं.

शेवट कुणी सांगत नाही तोही सांगतो. जॉन्स्टनला क्षय झाला. त्याच अवस्थेत त्याने त्याची सगळ्यात गाजलेली कादंबरी बेटावर पुरी केली. दारू, भांडणं, कर्ज. ऑस्ट्रेलियाला परतल्यावर १९६९ मध्ये क्लिफ्टने आत्महत्या केली, पुढच्या वर्षी तो गेला. क्लिफ्टचं बेटावरचं लिखाण मला त्याच्याहून सरस वाटतं. त्यात स्टोव्ह आहे, डायपर आहेत, तिसरं मूल बेटावरच झालं त्याची तयारी आहे. तो माडीवर लिहायचा आणि ती खाली घर चालवून उरलेल्या वेळात लिहायची.

मनीमाऊ

शेवटचं वाक्य वाचून माझ्या सासूबाई आठवल्या. असो.

अ‍ॅमस्टर्डॅमकर

सुंदर धागा. एक वेगळा प्रश्न, कारण मीही पंधरा वर्षं बाहेर आहे. मराठी कुणाशी बोलता? मी इथे मंडळात जातो, गणपतीत नाटक बसवतो, तरी लिहायला बसलो की वाक्य डच वळणाचं येतं. बेटावर तर मंडळही नाही.

सागरगोटी

बेटावर माझ्याखेरीज मराठी कुणी नाही. भारतीय म्हणाल तर गोदीत अधूनमधून जहाजांवरचे लोक येतात, चार शब्द हिंदीत होतात. गावात मला 'इंधी' म्हणतात, म्हणजे भारतीय बाई. नाव विचारून घेतलं सगळ्यांनी, पण वापरतात हेच.

मराठीचं सांगते. मला धोका ग्रीकचा नाही, माहितीपुस्तकांचा आहे. दिवसभर झडपा लिहिल्या की कथेतली बाईसुद्धा "दार बंद असल्याची खात्री करते". बहीण साताऱ्याला असते, तिला फोनवर मोठ्याने वाचून दाखवते. ती साहित्यातली नाही, बँकेत आहे. "असं कुणी बोलत नाही" एवढंच म्हणते आणि गप्प बसते. मग मी ते वाक्य पुन्हा करते. समीक्षक म्हणून मला ती पुरते.

आणि एक मजा. इतकी वर्षं बेटावर राहून बेटावर एक कथा लिहिलेली नाही. सगळ्या कथा मिरजेतच घडतात, सतारमेकर गल्लीच्या आसपास. भोपळे वाळत घातलेले, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. इथे वर अनो सिरॉसला मार्कोस वाम्वाकारिस या रेबेतिको (ग्रीक शहरी लोकगीतं) गायकाचं छोटं संग्रहालय आहे. १९०५ साली तो तिथेच जन्मला, पिरेअसला जाऊन खाटीकखान्यात काम केलं, बुझुकी हे तंतुवाद्य शिकला. बुझुकीचा भोपळा म्हणजे त्याचा लाकडी पोट असलेला भाग बघत मी बराच वेळ उभी राहिले, आणि घरी येऊन लिहिलं ते मिरजेच्या तंबोऱ्यावर. का, ते मलाही सांगता येणार नाही.

डेकहँड

बोटीच्या विषयात तोंड घालतो. मी मरीन इंजिनियर, आता रिटायर्ड, रत्नागिरी. सिरॉसच्या निओरिअन गोदीत आमचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं, तेव्हा काही आठवडे तिथे काढलेत. १८६१ ची गोदी आहे. १९७० च्या दशकात तिथेच एन्फिल्ड नावाची विजेवर चालणारी छोटी गाडीही बनायची, आज कुणाला खरं वाटणार नाही.

अपागोरेफ्तिकोबद्दल थोडी भर: सगळ्या बोटींना एकच आकडा नसतो. वेगवान बोटी आधी थांबतात, मोठ्या पारंपरिक फेरीबोटी उशिरा. त्यामुळे पाहुणे येणार असतील तर तिकीट मोठ्या बोटीचं काढायला सांगा. वेळ जास्त लागतो, पण पोचतात.

आणि काफेनीओतला, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानातला एक किस्सा. संध्याकाळी आम्ही दोघंतिघं गेलो. म्हातारे पट मांडून तावली खेळत होते. एकाने विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर त्याने फासे खाली ठेवले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नर्गिस!" आम्हाला वाटलं थट्टा करतोय. मग कळलं की १९५०-६० च्या दशकांत तिकडे हिंदी सिनेमे तुफान चालायचे आणि आपल्या चाली उचलून ग्रीक गाणी निघाली. मधुबालाच्या नावाचं तर एक गाणंच आहे. त्या रात्रीचं बिल त्यांनी देऊ दिलं नाही.

सागरगोटी

डेकहँडकाका, अजूनही असंच आहे, फक्त म्हातारे कमी होत चाललेत. तरुण मुलं योगाबद्दल विचारतात. मला नर्गिस परवडते.

तिरकस

जुनापुराणा आणि धागाकर्तीच्या उत्तरानंतर माझा सूर थोडा खाली आणतो. तरी एक विचारतो. लेखकांना बेटच का लागतं? सोलापुरात बसून नाही लिहिता येत?

सागरगोटी

येतं की. उत्तम लिहितात लोक.

माझं मत विचाराल तर लेखकाला बेट आवडतं कारण त्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं. हे मला पुस्तकातून नाही, इथल्या उत्तर टोकावर फिरायला गेल्यावर कळलं. हवा स्वच्छ असली की तिथून समोर गियारोस दिसतं. उघडं बोडकं बेट, आता वस्ती नाही, समुद्री सीलसाठी राखीव. १९४७ पासून तिथे राजकीय कैदी ठेवायचे, तिथला विटांचा तुरुंग कैद्यांकडूनच बांधून घेतला. १९६७ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा ते पुन्हा भरलं. यानिस रित्सॉस, ग्रीकांचा मोठा कवी, त्याला आधी गियारोसला आणि मग लेरॉसला ठेवलं. त्याआधी यादवी युद्धाच्या काळात तो मॅक्रोनिसॉसवर होता, तिथे कविता लिहून बाटल्यांत घालून जमिनीत पुरायचा.

आता तारखा बाजूबाजूला मांडा. हायड्रावर परदेशी कवी गिटार वाजवत होते ते साठचं दशक, आणि ग्रीक कवी दुसऱ्या बेटावर पहाऱ्यात, तेही त्याच दशकात. समुद्र तोच, ऊनही तेच. आमच्यासारख्यांना जे 'एकांत' म्हणून मिळतं ते इथल्या लोकांनी शिक्षा म्हणून भोगलंय. गावातल्या आजी गियारोसचा विषय निघाला की भाजी निवडायला घेतात. मी विचारणं सोडून दिलं.

म्हणून 'बेटाने मला लेखक बनवलं' असली वाक्यं माझ्याकडून होत नाहीत.

पोर्वोरी

ही पोस्ट स्वतंत्र लेख म्हणून यायला हवी. खरंच.

चहाबाज

+१.

अवांतर करू का? उलट दिशेचा एक प्रवासी राहिला. दिमित्रिओस गालानोस, अथेन्सचा. १७८६ मध्ये कलकत्त्याला आला, तिथल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला. काही वर्षांनी काशीला गेला आणि तिथलाच झाला. धोतर, ब्राह्मणांसारखी राहणी, संस्कृतचा अभ्यास, गीतेचं ग्रीक भाषांतर. १८३३ मध्ये काशीतच वारला. भाषांतरं नंतर अथेन्सला छापली गेली. चाळीस वर्षं काशीत बसून ग्रीकमध्ये लिहिणारा माणूस! सागरगोटी, तुमचा पूर्वज हाच.

जुनापुराणा

वा, चहाबाज. मग कार्ल्याचे खांबही घ्या. चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. हे यवन नक्की ग्रीकच होते का, यावर तज्ज्ञ भांडतात. पण पाहुणा कसा असावा याचा नमुना म्हणून चांगलं आहे: त्यांनी गावाबद्दल काही लिहिलं नाही, खांब दिला.

तिरकस

जुनापुराणा, हा टोमणा माझ्या वाट्याचा तुम्ही घेतलात. :)

सागरगोटी

गालानोसबद्दल ऐकून होते, काशीतच गेला हे माहीत नव्हतं. त्याच्याकडे पत्रं किती महिन्यांनी पोचत असतील! माझ्या दिवाळी अंकांची तक्रार मागे घेते.

वाशिष्ठी

व्यावहारिक प्रश्न. यायचं तर कुठल्या महिन्यात यावं? आम्ही दोघं, साठीच्या आसपास, पायऱ्या जमतात, गर्दी नको. आणि तुझ्याकडे येऊन चहा प्यायची परवानगी आहे का?

सागरगोटी

वाशिष्ठीताई, जरूर या. जुलै-ऑगस्ट टाळा. ग्रीक ईस्टरच्या आसपास या, एप्रिल किंवा मेची सुरुवात, तारीख दरवर्षी बदलते. टेकड्या हिरव्या असतात, खसखशीची लाल फुलं असतात. इथे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर एकाच तारखेला करतात, इतर बहुतेक देशांत तसं नसतं. गुड फ्रायडेच्या रात्री वेगवेगळ्या चर्चमधून फुलांनी सजवलेल्या पालख्या निघतात आणि मियाउली चौकात भेटतात. चौकात लवकर जाऊन पायऱ्यांवर बसायला जागा धरा. त्या आधी कोइमिसीच्या चर्चमध्ये डोकवा, एल ग्रेकोने तरुणपणी काढलेलं चित्र तिथे आहे. त्याची सही १९८३ मध्ये सापडली, तोवर लोक त्यासमोर नुसत्या मेणबत्त्या लावत होते.

पिरेअसहून मोठ्या बोटीने चारेक तास. डेकहँडकाकांचं ऐका, वेगवान बोट नको. अथेन्सच्या विमानाच्या आधी एक दिवस हातात ठेवा, वारा कुणाचं ऐकत नाही. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, स्वयंपाकाला चालतं, पिण्याला बाटल्या घ्या. आणि टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. जुन्या घरांतले पाईप बारीक असतात, तुंबले तर माणूस बोटीने बोलवावा लागतो.

चहा आहेच. येताना हिंग आणा, बांधणीचा चालेल. आणि जागा उरली तर दोन दिवाळी अंक, जुने असले तरी.

वाशिष्ठी

हिंग, दोन अंक आणि आमसुलं. लिहून ठेवलं. एप्रिलचं बघते, ह्यांना विचारून कळवते.

मनीमाऊ

मी पण येऊ का? आणि मांजरांचे फोटो मीच काढेन, तू नको काढूस.